मैदान कोणाचे? पोलोचे घोडे, जिमखाने आणि चवदार तळे

एखादा क्लब सार्वजनिक मैदान मागायला येतो तेव्हा त्याची भाषा ठरलेली असते. स्टेडियम होईल, खेळाडू घडतील, शहराचे नाव होईल. विरोध करणाऱ्यांत मात्र दोन सूर असतात. एक म्हणतो, मैदान सर्वांचे आहे, ते कुंपणाआड जाऊ देणार नाही. दुसरा म्हणतो, त्यांना देता तर आम्हालाही द्या. रत्नागिरी असो की मुंबई, आपले बरेच तरुण कार्यकर्ते रागाच्या भरात दुसऱ्या सुरात बोलतात. त्यात काय धोका आहे, हे समजण्यासाठी मुंबईतला एक जुना वाद पाहावा लागेल.

१८७५ साली मुंबईत बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. सभासद फक्त गोरे. जागा एस्प्लनेडच्या मोकळ्या मैदानातली. आज त्याच पट्ट्यात आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल आहे. याच मैदानावर पारशी आणि हिंदू पोरे क्रिकेट खेळत. गोऱ्यांनी आपली क्रिकेटची जागा राखून ठेवली आणि पोलोचे घोडे मात्र देशी पोरे खेळत त्या भागात नेले. टापांनी जमीन उखडायची आणि तिथे क्रिकेट खेळणे अशक्य व्हायचे. १८८१ साली देशी क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्ज केला. या लढ्याची हकिकत शापूरजी सोराबजी यांनी पुढे १८९७ साली पुस्तकरूपाने लिहून ठेवली. मूठभर साहेबांच्या करमणुकीसाठी शेकडो लोकांचे मैदान का बिघडवायचे, हा साधा प्रश्न होता. सरकार शेवटी आपल्या जातभाईंच्याच बाजूने झुकले.

१८८९ साली पारशी संघाने बॉम्बे जिमखान्याला क्रिकेटमध्ये हरवले. इतिहासाच्या पुस्तकांत ही गोष्ट इथे आनंदाने संपते. आपण ती थोडी पुढे वाचली पाहिजे.

मैदान मोकळे झाले नाही. त्याऐवजी पारशी जिमखाना निघाला, मग इस्लाम जिमखाना आणि हिंदू जिमखाना. समुद्रात भर घालून तयार केलेल्या किनाऱ्यावरची जमीन सरकारने धर्मावर आधारलेल्या या संस्थांना दिली. म्हणजे ‘मैदान सर्वांचे’ या मागणीचे उत्तर मिळाले ‘ज्याचे त्याचे कुंपण’. १९०७ साली तिरंगी, १९१२ साली चौरंगी, १९३७ साली पंचरंगी स्पर्धा सुरू झाल्या. संघ पाडले गेले ते धर्मावरून.

या वाटणीत अस्पृश्यांच्या वाट्याला काय आले? कुंपण घालायला पैसा नाही, सरकारदरबारी वजन नाही. पळवणकर बाळू हे चांभार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते गोलंदाज झाले. हिंदूंच्या संघाला सामने जिंकायचे होते म्हणून त्यांना घेतले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी टाकलेला चेंडू हातात घेत, पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ साली धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, हे आपल्याला ठाऊक आहे. राजकारणात ते कुठेही गेले असोत, त्या मातीच्या भांड्याने जिमखान्याचा खरा नियम दाखवून दिला. कुंपणाच्या आत कोणाला घ्यायचे आणि कोणत्या अटीवर, हे कुंपणाचा मालक ठरवतो.

आता महाड पाहा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले, कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले. सवर्णांनी आधी मारहाण केली, मग तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, आणि डिसेंबरमध्ये कोर्टात गेले. त्यांचा दावा नीट लक्षात ठेवा: तळे सर्वांचे नाही, वहिवाटीने आमचेच आहे. सार्वजनिक गोष्ट हिसकावण्याची पहिली पायरी म्हणजे ती सार्वजनिक नाहीच, असे सांगणे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी हा दावा फेटाळला. दहा वर्षे लागली.

बाबासाहेबांना वेगळे तळे मागता आले असते. त्यांनी ते मागितले नाही. पाणी मिळावे एवढ्यापुरता तो लढा नव्हता. माणूस म्हणून सर्वांच्या जागेवर आपला सारखा हक्क आहे, हे सिद्ध करायचे होते. हाच हक्क पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये आला. विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर सरकारी पैशातून राखलेल्या सार्वजनिक वावराच्या जागांचा उल्लेख तिथे स्पष्ट आहे. मैदान त्यातच मोडते.

काही मित्र म्हणतील, आपल्या पोरांनाही चांगले मैदान हवे, स्टेडियमला विरोध कशाला? मैदान हवेच. सपाट जमीन, पाणी, स्वच्छतागृह, दिवे हे नगरपालिकेने द्यावे आणि फाटक उघडे ठेवावे. फी भरून आत जाण्याची व्यवस्था झाली की वस्तीतले पोर पुन्हा बाळूंच्या जागी जाते: चेंडू टाकायला आत, चहाला बाहेर. आणि मैदान फक्त खेळाचे नसते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारी आपली माणसे शिवाजी पार्कवर टेकतात. तिथे एखाद्या क्लबचे फाटक असते तर ती कुठे गेली असती?

म्हणून आपल्या शहरात असा प्रस्ताव आला तर आधी मालमत्तेचा उतारा आणि विकास आराखड्यातले आरक्षण पाहा. आरक्षण बदलायचे असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ नुसार नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. त्या मुदतीत लेखी हरकत द्या, वस्तीतल्या बायकांच्या आणि पोरांच्या सह्या घ्या. मात्र अर्जात ‘आम्हालाही तुकडा द्या’ असे लिहू नका. मैदान सर्वांचे आहे आणि सर्वांचेच राहील, एवढेच लिहा.

जय भीम.