पाहुण्यांची मुंबई आणि पोटार्थ्यांची मुंबई

नाशिक रोडच्या स्टेशनावरून पहाटे मुंबईकडे जाणाऱ्या गाडींत नोकरदारांच्या जोडीला हल्लीं एक निराळा प्रवासी दिसूं लागला आहे. तो मुंबईस जातो तो निव्वळ खाण्यासाठीं व पाहण्यासाठीं. गेल्या हिवाळ्यांत आमच्या महाविद्यालयांतील कांहीं विद्यार्थी असेच एक दिवस जाऊन आले. सकाळीं धोबी तलावाजवळ इराण्याकडे ब्रून-मस्का व चहा, माटुंग्यास केळीच्या पानावर जेवण, दुपारीं पालव बंदरावरील कमान, संध्याकाळीं गिरगांव चौपाटीवर भेळ आणि रात्रीं मिनारा मशिदीच्या आसपास मालपोवा, असा त्यांचा क्रम होता. परत आल्यावर त्यांतील एका मुलीनें मला विचारलें, “सर, इतक्या लांबून आलेल्या या लोकांनीं मुंबईंत खाण्याचींच दुकानें कां काढलीं?” प्रश्न साधा होता, परंतु तासाची घंटा झाली आणि उत्तर अर्धवट राहिलें. तें पुरें करण्याचा हा प्रयत्न आहे.

कै. गोविंद नारायण माडगांवकर यांनीं ‘मुंबईचें वर्णन’ हा आपला ग्रंथ १८६३ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हां मुंबईचें रूप झपाट्यानें पालटत होतें. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली होती. १८५६ सालीं दावर यांची कापडाची गिरणी चालू झाली होती. पुढें १८६५ सालीं थळ घाटांतून लोहमार्ग खुला झाला आणि आमच्या बाजूच्या शेतकऱ्यासही मुंबई एका दिवसाच्या टप्प्यांत आली. कोंकण, घाट, गुजराथ, तेलंगण, उत्तर हिंदुस्थान, गोवें अशा चहूंकडून माणसें येत राहिलीं. कामाठीपुऱ्याचें नांव तेलंगणांतून आलेल्या कामाठी मजुरांवरूनच पडलें आहे. १९२१ सालच्या शिरगणतीप्रमाणें मुंबईच्या रहिवाशांपैकीं मुंबईंतच जन्मलेले शेंकडा वीसही नव्हते. आणि दर हजार पुरुषांमागें स्त्रिया होत्या सुमारें सव्वापांचशें. त्या मुलीच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर या दोन आंकड्यांत आहे. बायकामुलें व चूल गांवीं ठेवून आलेल्या लाखों पुरुषांचें हें शहर होतें. अशा माणसास रोज दोन वेळ शिजवून कोण घालणार, हा मुंबईचा पहिला प्रश्न होता, आणि आज आपण ज्यांस चवीचीं ठिकाणें म्हणतों, त्यांतील बहुतेक त्या प्रश्नाचीं उत्तरें म्हणून जन्मास आलीं.

गिरणगांवांत या प्रश्नाचें उत्तर खानावळीनें दिलें. खानावळ म्हणजे कांहीं पाटी लावलेलें दुकान नव्हे. चाळींतील दहा फूट लांबरुंद खोलींत एखादी बाई आपल्या संसाराबरोबर दहा, पंधरा, कधीं वीस गिरणीकामगारांचें जेवण रांधी. पैसे महिन्याचे, कोणी गांवीं गेला तर तितक्या दिवसांचा खाडा धरावयाचा. पहिल्या पाळीच्या माणसांसाठीं पहाटेपूर्वीं चूल पेटे आणि रात्रपाळीच्या माणसाचें ताट झांकून ठेवल्यावरच ती विझे. रविवारचें मटण हा त्या आठवड्याचा सण. ज्यांच्या घरीं चूल होती पण दुपारीं घर गांठणें शक्य नव्हतें, त्यांच्यासाठीं १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं डबे पोंचविण्याची व्यवस्था लावली, असें डबेवाल्यांची परंपरा सांगते. आणि मावळ-जुन्नरकडील माणसांनीं ती आजतागायत चालविली आहे. खानावळवाल्या बायांची गणना मात्र पुष्कळ काळ कोणत्याच उद्योगांत झाली नाहीं. १९७५ सालीं प्रेमाताई पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना बँकेचें कर्ज मिळवून देण्याचा मार्ग काढला, तोंवर सावकार हाच त्यांचा आधार होता.

खानावळीचें गुणगान करतांना एक गोष्ट झांकून ठेवणें इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाहीं. मुंबईस आलेला माणूस वळकटीबरोबर आपली जातही घेऊन येई. खानावळी जातीजातींच्या व गांवागांवच्या असत. उपाहारगृहांवर ‘हिंदु’ आणि ‘ब्राह्मण’ असे शब्द मोठ्या अक्षरांत रंगविलेले असत. आणि अस्पृश्य गणलेल्या कामगारास पुष्कळ ठिकाणीं बाहेर उभ्यानें, निराळ्या भांड्यांतून चहा घ्यावा लागे. अशा शहरांत इराण्याच्या दुकानाचें महत्त्व काय होतें, हें ब्रून-मस्का खाऊन उमगणार नाहीं.

इराणी हे झरथुष्ट्री धर्माचे. पण शेंकडों वर्षांपूर्वीं गुजराथेंत उतरलेल्या पारशांच्या मानानें फार उशीरां आलेले. यझ्द व केरमान या मुलुखांत त्यांना परधर्मी म्हणून जिझिया भरावा लागे. पारशी समाजाच्या वतीनें माणेकजी लिमजी हातरिया यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली, तेव्हां तो १८८२ सालीं उठला. त्याआधीं १८७१ च्या सुमारास इराणांत भयंकर दुष्काळ पडला होता. जाच आणि भूक यांच्या मागें लागण्यानें हे लोक मुंबईस आले. चौकांतल्या कोपऱ्याची जागा हिंदु व्यापारी अशुभ मानीत म्हणून ती इराण्यांस सहज मिळे, अशी आख्यायिका आहे. कयानीचें दुकान १९०४ चें, ब्रिटानिया १९२३ चें. संगमरवरी टेबल, लांकडी खुर्ची, भिंतीवर आरसा आणि समोर चहा. येणाऱ्याची जात विचारण्याचें इराण्यास कारण नव्हतें. कांहीं दुकानांत धर्माधर्मांसाठीं निरनिराळ्या रंगांचे पेले ठेवीत, असेंही सांगतात. तेव्हां तेथें एकदम समता अवतरली असें मी म्हणत नाहीं. तरी आमच्या नाशिकास १९३० सालीं काळारामाच्या दाराशीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला आणि कित्येक वर्षें लोटूनही तें दार उघडलें नाहीं, त्याच काळांत मुंबईच्या कोपऱ्याकोपऱ्यावर खिशांत आणा असलेला कोणीही मनुष्य खुर्ची ओढून बसूं शकत होता, ही गोष्ट लहान नव्हे. परमुलखांतून हांकललेल्या माणसानें आमच्या लोकांस एका टेबलाशीं बसविलें, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे.

हाच धागा इतर वस्त्यांतही सांपडतो. धोबी तलाव व गिरगांव या बाजूस गोंवेकरांच्या ‘कुडी’ होत्या. एकेका गांवची एकेक कूड. तींत देव्हारा, पेट्या, चटया, आणि बोट लागण्याची वाट पाहणारे खलाशी, आचारी, वाजंत्री. पाव ही पोर्तुगिजांच्या संसर्गाची देणगी गोंवेकर भटारखान्यांतून मुंबईभर गेली. आज वडापावाच्या गाडीशीं उभा असलेला मुलगा नकळत त्या इतिहासाचा घास घेत असतो. १८९६ च्या प्लेगानंतर १८९८ सालीं सुधारणा मंडळ स्थापन झालें, आणि त्यानें दादर-माटुंग्याची नवी वसाहत आंखली. तेथें दक्षिणेकडील कारकून मंडळी राहावयास आली. एकट्यानें राहणाऱ्या अशा माणसांसाठीं उडुपीकरांनीं भोजनगृहें काढलीं. रामा नायक यांचें माटुंग्याचें भोजनगृह १९४२ चें आहे. महंमद अल्ली रस्ता व भेंडीबाजार येथें मेमण, बोहरी, कोंकणी मुसलमान यांच्या वस्त्या एकमेकींस लागून वाढल्या. पाहुण्यास ज्या पदार्थाची नवलाई वाटते, तो तेथें कोणाच्या तरी घरच्या सणाचा पदार्थ असतो.

आतां समुद्र. पालव बंदरावरील ‘गेट वे ऑफ इंडिया’ ही कमान १९११ सालच्या बादशहाच्या आगमनाचें स्मारक. ती १९२४ सालीं पुरी होऊन खुली झाली, आणि १९४८ च्या फेब्रुवारींत शेवटची गोरी पलटण तिच्याखालूनच निघून गेली. परंतु चाळकऱ्याचा खरा समुद्र चौपाटीचा. जेथें एका खोलींत पाळीपाळीनें दहा माणसें झोंपत, तेथें पाय पसरून बसण्यास चौपाटीची वाळू हीच काय ती ओसरी होती, आणि तिला भाडें नव्हतें. १९२० सालीं लोकमान्यांचा अंत्यविधि तेथेंच झाला, गणपति तेथेंच बुडाले, सभा तेथेंच भरल्या. आणि गर्दी जमली म्हणजे चुरमुरे, कांदा, चिंचेचें पाणी घेऊन फेरीवालाही आला. तोही बहुधा परगांवचाच.

येथें एक घरगुती हकीकत सांगितल्यावांचून माझें उत्तर पुरें होणार नाहीं. माझे चुलते, ज्यांस आम्ही अण्णा म्हणत असूं, परळच्या एका गिरणींत कामास होते. १९७९ सालीं, माझ्या वयाच्या नवव्या वर्षीं, वडिलांनीं मला प्रथम मुंबई दाखविली. राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय हें सारें अण्णांबरोबर पाहून संध्याकाळीं आम्ही चौपाटीवर गेलों. अण्णांनीं आम्हां दोघांस भेळ घेऊन दिली. स्वतः घेतली नाहीं. मीं आग्रह केला तेव्हां म्हणाले, “माझें जेवण खानावळींत भरलेलें आहे रे, खाडा सांगितला नाहीं.” मला तो विनोद वाटला होता.

१९८२ च्या जानेवारींत १८ तारखेस गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगार नाहीं, तरी खानावळवाल्या बाईनें अण्णांस कांहीं काळ उधारीवर जेवूं घातलें. आणि तिच्याजवळ तरी काय होतें? तिचे सारेच जेवणारे संपावर. अखेर अण्णा नाशिक रोडला परत आले ते कायमचेच. १९९१ सालीं मी कांहीं कामासाठीं मुंबईस जाणार हें कळतांच त्यांनीं तीनशें रुपये माझ्या हातीं दिले आणि म्हणाले, “तीन महिन्यांचे राहिलेत.” मीं ती चाळ शोधून काढली. बाई थकल्या होत्या. खानावळ बंद होऊन बरींच वर्षें झालीं होतीं. त्यांनीं पैसे मोजले, पेटींतून वही काढली, नातीकडून पान वाचवून घेतलें आणि शंभर रुपये मला परत केले. “दोनच महिन्यांचे होते. तिसऱ्या महिन्यांत ते माझ्याकडे जेवलेच नाहींत,” असें त्या म्हणाल्या. तो महिना अण्णा कोठें व काय जेवले, हें मीं त्यांना पुढें विचारलें नाहीं. बाईंनीं मला मात्र पाटावर बसवून जेवूं घातलें. भाकरी, सुक्या जवळ्याचें कालवण आणि भात. मुंबईंत मीं नंतर पुष्कळ प्रसिद्ध ठिकाणीं जेवलों. पण मुंबईची चव कोणती असें कोणी पुसलें तर मला तें ताट आठवतें.

ती चाळ आतां नाहीं. गिरणीच्या जागीं काचेचे मनोरे आहेत. एके काळीं शेंकड्यांनीं असलेलीं इराण्यांचीं दुकानें बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं आहेत. आमच्या विद्यार्थ्यांनीं मुंबईस जाऊं नये असें मी म्हणणार नाहीं. उलट अवश्य जावें, पोटभर खावें, समुद्र पाहावा. मात्र बशी पुढें आली म्हणजे हा पदार्थ येथें प्रथम कोणाच्या भुकेसाठीं शिजला, एवढें गल्ल्यावरच्या म्हाताऱ्यास विचारून यावें. तो सांगण्यास बहुधा राजी असतो. पुढच्या सहलीच्या वेळीं त्या मुलीस मी हेंच सांगणार आहें, आणि परत आल्यावर तिनें काय खाल्लें यापेक्षां तिला काय सांगण्यांत आलें हें आधीं विचारणार आहें.