वाट, वाटाड्या आणि टपाल

कृष्णा, कोयना, वारणा आणि येरळा या नद्यांच्या काठी पसरलेला सातारा-सांगलीचा मुलूख परक्या माणसास सहजासहजी वाट दाखवीत नसे. पश्चिमेस पाटणच्या डोंगरांत विखुरलेल्या वाड्या, मध्यभागी काळ्या रानातील पाणंदी आणि पूर्वेस माणदेशाचा उघडा माळ. पाणंदीत पावसाळ्यात गाडीची चाके रुतत. माळावर जिकडेतिकडे चाकोऱ्या उमटलेल्या असत. त्यांपैकी कोणती गावास जाते आणि कोणती एखाद्याच्या खळ्यावर संपते, हे नवख्यास उमगत नसे.

परंतु वाटांहून नावांचा घोटाळा मोठा होता. मिरज तालुक्यात कवठे पिरान, तासगाव तालुक्यात कवठे एकंद, त्यांच्या पूर्वेस कवठे महांकाळ आणि दूर वाईकडे नुसतेच कवठे! वाठारांचीही हीच गत. वाठार किरोली, वाठार निंबाळकर, कराड तालुक्यातील वाठार आणि लोहमार्गावरचे वाठार स्टेशन. पत्त्यातील जोडनाव राहून गेले, की कागद भलत्याच गावी जावयाचा.

1854 साली अर्ध्या आण्याच्या तिकिटात पाव तोळ्याचे पत्र कितीही दूर जाऊ लागले. 1880 साली मनिऑर्डर सुरू झाली. सातारा जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या माणसांचा पैसा त्या मार्गाने घरी येऊ लागला. तेव्हा पत्त्यातील चूक ही केवळ कागदाची चूक राहिली नाही. तिच्यावर एखाद्या घरची चूल अवलंबून असे.

टपालखाते येण्यापूर्वी, आणि आल्यानंतरही पुष्कळ वर्षे, या वाटा ज्यांस मुखोद्गत होत्या ते गावोगावचे महार वतनदार. सरकारी कागद पुढच्या गावच्या चावडीवर पोचविणे, दौऱ्यावरील अंमलदारास वाट दाखविणे, कोणाच्या मृत्यूची वार्ता परगावच्या सोयऱ्यांस कळविणे, ही कामे त्यांच्याकडे असत. मोबदला म्हणजे थोडीशी इनाम जमीन आणि बलुते. रात्री-अपरात्री हाक आली तरी नाही म्हणण्याची सोय नव्हती. साऱ्या गावाचा निरोप ज्याच्या हाती विश्वासाने दिला जाई, त्याच्या हातचे पाणी मात्र त्या गावास चालत नसे.

या विसंगतीचा दाहक प्रत्यय 1901 साली याच जिल्ह्यात आला. रामजी आंबेडकर तेव्हा खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. त्यांस भेटावयास साताऱ्याहून बालवयातील भीमराव, त्यांचे बंधू व भाचे निघाले. येत असल्याचे पत्र त्यांनी आधी धाडले होते. मसूर स्थानकावर मुले उतरली, तो न्यावयास कोणीच आले नव्हते. मुले महारांची आहेत असे कळताच कोणी गाडीवान त्यांस घेईना. अखेर दुप्पट भाडे ठरले. गाडी मुलांनी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे, असा तोड निघाला. वाट अनोळखी, रात्र अंधारी, जवळ शिदोरी असूनही प्यावयास पाणी नाही. टोलनाक्यावरही पाणी मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी मुले मुक्कामास पोचली, तेव्हा उलगडा झाला: पत्र आले होते, परंतु ते घेणाऱ्या शिपायाने वडिलांच्या हाती दिलेच नव्हते.

टपालाने आपले काम चोख केले होते. पत्र अडले ते अखेरच्या दहा पावलांत. आणि शतकानुशतके इतरांस वाट दाखविणाऱ्या समाजाच्या लेकरांस वाटेवर घोटभर पाणी मिळाले नाही. त्याच भीमरावांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाच्या जाचाविरुद्ध विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा 1958 साली झाला.

नावांच्या घोटाळ्यावरचा तोडगा त्याहून उशिरा आला. टपालखात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेने 15 ऑगस्ट 1972 पासून सहा आकडी पिन क्रमांक सुरू झाला. हे आकडे महसुली सीमा मानीत नाहीत: विटा आणि तासगाव दोन्ही सांगली जिल्ह्यात, परंतु विट्याचा क्रमांक 415311 आणि तासगावचा 416312. कवठे कोणते, हे आता आकडा सांगतो. मात्र आकडा टपालकचेरीपाशी थांबतो. तेथून पुढे उंबरठ्यापर्यंत पत्र नेतो तो माणूसच.