कुत्र्याची उंची मोजणारी शहरं

सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुत्र्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं. "एवढं मोठं धूड फ्लॅटमध्ये पाळायचंच कशाला?" प्रश्न काही चुकीचा नाही. पण मंडळी, हा प्रश्न आपल्याच बिल्डिंगमध्ये पहिल्यांदा पडलाय असं नाही. काही शहरांनी तर त्यावर कायदेच केले.

आइसलँडची राजधानी रेक्याविक घ्या. तिथे १९२४ साली शहरात कुत्रा पाळण्यावरच बंदी आली. कारण खरं होतं. मेंढ्यांकडून कुत्र्यांत आणि कुत्र्यांकडून माणसांत येणारा एक जंत लोकांच्या यकृतात गाठी करत होता. बंदी मात्र साठ वर्षं टिकली. शेवटी खुद्द अर्थमंत्री आल्बर्ट गुडमुंडसन यांच्या घरातच लुसी नावाची कुत्री आहे, हे प्रकरण गाजलं. देश सोडेन पण लुसीला सोडणार नाही, असा त्यांचा पवित्रा! १९८४ मध्ये परवाना आणि अटी घालून बंदी उठली.

बीजिंगची गोष्ट आपल्या प्रश्नाच्या आणखी जवळची. १९८३ मध्ये तिथेही बंदी होती. १९९५ मध्ये परवानगी मिळाली, पण नोंदणीची फी ५,००० युआन, म्हणजे साध्या नोकरदाराचा कित्येक महिन्यांचा पगार. २००३ मध्ये फी १,००० वर आली, पण शहरी भागात दोन अटी राहिल्या: एका घरात एकच कुत्रा, आणि त्याची उंची ३५ सेंटिमीटरच्या आत. झालं काय? मोठे कुत्रे संपले नाहीत, ते लपवले गेले. लोक त्यांना रात्री उशिरा, चोरून फिरवू लागले. ज्या जनावराला मोकळ्या हवेची जास्त गरज, त्याचंच फिरणं कमी झालं. २००६ मध्ये धरपकड वाढली तेव्हा शेकडो कुत्रेवाले रस्त्यावर उतरले.

आणि गंमत बघा. ग्रेहाउंड हा उंचपुरा, शर्यतीतला कुत्रा. रोज नीट फिरवला तर घरात दिवसभर लोळत पडतो. जॅक रसेल टेरियर गुडघ्याएवढाही नसतो, पण घर डोक्यावर घेतो. बीजिंगच्या पट्टीवर पहिला नापास, दुसरा पास!

इटलीतल्या तुरिन शहराने वेगळा विचार केला. २००५ साली नियम आला: कुत्र्याला दिवसातून तीनदा फिरवा, नाहीतर ५०० युरोपर्यंत दंड. म्हणजे मोजायचं ते कुत्र्याला नाही, मालकाला.

आपल्याकडे २०१५ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. लहान कुत्रा चालेल, मोठा नाही, असा भेद सोसायटीला करता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. मीटिंगमध्ये ठराव करूनही नाही. पण हा कागद पुढे करणाऱ्या मालकांनी स्वतःलाही विचारावं. आपल्या मातीतला कारवान कुत्रा माळरानावर सशामागे धावणारा. त्याला सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत बांधून ठेवायचा हक्क मिळाला, म्हणजे त्याची सोय झाली का? दोन वेळचं भरपूर फिरणं, हातात पट्टा, घाण उचलायला पिशवी, आणि लिफ्टमध्ये कोणी घाबरत असेल तर दोन मिनिटं थांबायची तयारी. एवढं जमत नसेल तर शेजाऱ्यांशी भांडण्यात अर्थ नाही.

आणि पालिकेलाही एक प्रश्न आहेच. घरं लहान होणार हे मान्य, पण फिरवायचं कुठे? बहुतेक बागांच्या फाटकावर "कुत्र्यांना प्रवेश नाही" अशी पाटी, फुटपाथवर गाड्या. वॉर्डात एक कुंपण घातलेला तुकडा कुत्र्यांसाठी ठेवला, तर सोसायटीतली निम्मी भांडणं तिथेच मिटतील असं मला वाटतं.

तुमच्या भागात अशी जागा आहे का? असेल तर कुठे, आणि ती कशी मिळाली, तेही जरूर लिहा.