ताम्रपटातील संवत्सर आणि राष्ट्राचे फल : खारेपाटणच्या लेखांच्या निमित्ताने एक विचार

दक्षिण कोकणातील खारेपाटण हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कणकवली तालुक्यात मोडते. विजयदुर्गच्या खाडीतून आत येणाऱ्या जलमार्गावरील जुने व्यापारी ठाणे, एवढीच त्याची ओळख सामान्यतः दिली जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हे नाव दोन ताम्रपटांमुळे परिचित आहे. पहिला रट्टराज शिलाहाराचा, शके ९३० चा. दुसरा उत्तर कोकणच्या शाखेतील अनंतदेवाचा, शके १०१६ चा. पहिल्याचे वाचन एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रसिद्ध केले. जांभेकरांचे जन्मगाव पोंभुर्ले याच परिसरातील, आणि गणित व ज्योतिष हे त्यांच्या अध्यापनाचे विषय होते, हा योगायोगही लक्षात ठेवण्याजोगा आहे. दुसरा लेख पुढे काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी विद्वानांपुढे आणला.

या लेखांची राजकीय चर्चा पुष्कळ झालेली आहे. येथे त्यांचा विचार एका निराळ्या प्रश्नाच्या अनुरोधाने करावयाचा आहे. एखाद्या देशाचा किंवा राष्ट्राचा स्वभाव आणि त्याचे भाग्य ग्रहनक्षत्रांवरून सांगण्याची परंपरा आपल्याकडे प्राचीन आहे. आजही ती लोप पावलेली नाही. पंचांगात दरवर्षी संवत्सरफल छापले जाते आणि स्वतंत्र भारताची कुंडली मांडून तिच्यावरून युद्ध, दुष्काळ व सत्तांतर यांची भाकिते केली जातात. ज्या काळी ही विद्या राजमान्य होती, त्या काळच्या राजलेखांनी तिचा उपयोग कशासाठी केला, आणि राज्यांच्या उदयास्ताची कारणे सांगताना ते तिच्याकडे वळले काय, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

प्रथम शास्त्राकडे पाहू. ज्योतिषाचे सिद्धांत, संहिता आणि होरा असे तीन स्कंध परंपरेने मानले आहेत. सिद्धांतात ग्रहगणित, होरेत व्यक्तीचे जातक, आणि संहितेत समुदायाचे शुभाशुभ येते. देशाचे भाग्य हा संहितेचा विषय होय. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्यासाठी कूर्मविभाग नावाचा अध्याय आहे. भारतवर्ष कासवाच्या आकाराचे कल्पून त्याचे नऊ भाग केले आहेत आणि प्रत्येक भागाला कृत्तिकेपासून क्रमाने तीन तीन नक्षत्रे दिली आहेत. त्या नक्षत्रांना पापग्रहांची पीडा झाली की त्या त्या देशाला पीडा, असा हा सिद्धांत. कोकणाची गणना दक्षिण भागात असून तिकडे उत्तरा फाल्गुनी, हस्त व चित्रा ही नक्षत्रे येतात.

या याद्या भूगोल म्हणून तपासल्या तर त्यांचे स्वरूप स्पष्ट होते. नैर्ऋत्य दिशेच्या यादीत सिंधु-सौवीर आणि आनर्त यांच्याबरोबर कांबोज आणि द्रविडही आढळतात. कांबोजांचे स्थान वायव्य सीमेकडे आणि द्रविडांचे दक्षिणेत, हे सर्वविदित आहे. या नावांचा संग्रह प्रत्यक्ष पाहणीतून झालेला नसून निरनिराळ्या जुन्या देशनामावल्या एकत्र करून तो सिद्ध झाला असावा, असेच अनुमान करावे लागते. आकाशातील भाग गणिताने काटेकोर पाडलेले आणि भूमीवरील भाग मात्र परंपरेने चालत आलेले, अशी ही विषम जोडणी आहे.

ग्रीक परंपरेत हाच विषय निराळ्या रीतीने मांडला गेला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात राहणाऱ्या टॉलेमीने आपल्या ज्योतिषग्रंथाच्या दुसऱ्या भागात ज्ञात जगाचे चार खंड करून त्यांना राशींचे चार त्रिकोण वाटून दिले आणि त्यावरून त्या त्या लोकांचे स्वभाव वर्णिले. भारताच्या वाट्याला मकर रास आणि शनी आले. परिणामी येथील लोक कुरूप, अस्वच्छ आणि पशुतुल्य ठरले! ज्या काळात भारतीय माल घेऊन जहाजे तांबड्या समुद्रात जात होती आणि तो माल अलेक्झांड्रियाच्या बाजारात पोहोचत होता, त्या काळातील हे मत आहे. राष्ट्राचा स्वभाव म्हणून जे ग्रहांच्या नावे सांगितले जाते ते पुष्कळदा सांगणाराच्या समाजातील ग्रह—म्हणजे पूर्वग्रह—असतात, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. कूर्मविभागाचा भर मात्र लोकांच्या स्वभावावर नसून त्यांच्यावर येणाऱ्या आपत्तींवर आहे. मध्यदेशादी भागांवर पीडा आली म्हणजे तेथील राजांचा नाश, अशी त्याची रीत.

येथे शब्दार्थाचा थोडा विचार अवश्य आहे. संहिताग्रंथांत देश, जनपद, विषय आणि राष्ट्र हे शब्द येतात. पण आज 'राष्ट्र' या शब्दाने जो अर्थ अभिप्रेत असतो, तो त्यांपैकी कशातही पूर्णपणे नाही. शिलालेख व ताम्रपट यांत राष्ट्र हा प्रशासनातील एक प्रादेशिक विभाग असून त्याचा अधिकारी तो राष्ट्रपती. आपल्या इतिहासाची जाणीव असलेला, स्वतःचे शासन स्वतः निवडणारा जनसमूह या अर्थाने 'राष्ट्र' शब्द मराठीत रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकात. संहितेचे फल राजाला उद्देशून होते. शब्दाचा अर्थ पालटला, तरी फल सांगण्याची रीत तीच राहिली. राजासाठी रचलेले शास्त्र प्रजेच्या राष्ट्राला लावले गेले, ते या अर्थांतराकडे दुर्लक्ष करूनच.

आता ताम्रपट पाहू. रट्टराजाचा लेख शके ९३०, कीलक संवत्सर, ज्येष्ठ पौर्णिमा या दिवसाचा आहे. ही तिथी २२ मे १००८ या दिवशी येते. मत्तमयूर परंपरेच्या कर्करोणी शाखेतील आत्रेय नामक शैव आचार्याला कूष्मांडी, असनवीर आणि वडंगुल ही तीन गावे अव्वेश्वराच्या देवालयासाठी दिल्याची त्यात नोंद आहे. दानासाठी पौर्णिमेसारखे पर्व निवडावे, यात काळाच्या शुभत्वावरील श्रद्धा आहेच. संवत्सराचे नाव, महिना, पक्ष आणि तिथी यांनी दानाला कायदेशीर निश्चिती येते. पंचांगाचे काम येथे एवढेच आहे : कृत्य केव्हा झाले ते निःसंदिग्धपणे सांगणे आणि त्याला पुण्यकाळाची जोड देणे.

परंतु हाच लेख इतिहासही सांगतो, आणि तेथे त्याची भाषा बदलते. प्रारंभी राष्ट्रकूटांची वंशावळ दिली आहे. तैलपाने कक्कलाचा पराभव केला आणि रट्टांचे राज्य संपले, असे लेख सांगतो. ही घटना इ. स. ९७३ ची. नंतर शिलाहारांची हकीकत येते. सणफुल्लाने कृष्णराजाच्या प्रसादाने समुद्र आणि सह्याद्री यांमधील प्रदेश मिळविला. धम्मियराने वलिपत्तन वसविले (हे नगर म्हणजेच खारेपाटण, असे काही अभ्यासक मानतात). ऐयपराजाने चंद्रपुराजवळ विजय मिळविला. प्रत्येक ठिकाणी कारण म्हणून माणूस उभा आहे : कोणाची कृपा, कोणाचे शौर्य, कोणाचा पराभव. शनीची वक्र गती, राहूचा ग्रास किंवा धूमकेतूचा उदय यांपैकी कशालाही राष्ट्रकूटांच्या पतनाचे उत्तरदायित्व दिलेले नाही. रट्टराज हा चालुक्य सत्याश्रयाचा मांडलिक. आपल्या विद्यमान स्वामीच्या घराण्याने ज्यांना बुडविले त्या जुन्या स्वामींची वंशावळ त्याने आपल्या लेखात आदराने कोरविली. या घराण्याच्या स्वभावाविषयी काही म्हणावयाचे असेल तर ते या निष्ठेवरून म्हणता येईल. त्याला कुंडलीची गरज पडत नाही.

अनंतदेवाचा लेख शके १०१६, भाव संवत्सर, माघ शुद्ध प्रतिपदेचा, म्हणजे इ. स. १०९५ च्या प्रारंभीचा आहे. शूर्पारक, स्थानक, चेमुली इत्यादी बंदरांत येणाऱ्या जहाजांवरील जकात दोन श्रेष्ठी अमात्यांना त्यात माफ केली आहे. कोकणावर नुकतेच मोठे संकट येऊन गेले होते. त्याचे निदान लेखात केले आहे ते भाऊबंदकीच्या वैराचे. त्या व्यसनकाळी सत्ता बळकावून ज्यांनी देश उद्ध्वस्त केला त्यांचा अनंतदेवाने उच्छेद केला, असे त्यात म्हटले आहे. दायादांचे वैर हे कारण आणि सामर्थ्यवान राजाने त्याचा केलेला परिहार हा उपाय, अशी ही कार्यकारणाची स्वच्छ साखळी होय. प्रशस्तिकार राजाची स्तुती करतो, म्हणून त्याचे विधान पारखून घेतले पाहिजे हे खरे. तथापि पारखण्याजोगे विधान तो करतो, हे महत्त्वाचे आहे. ग्रहपीडेने देश बुडाला, या विधानाला साक्षीपुरावा कोठून आणावयाचा?

संवत्सरफलाची परीक्षा मात्र इतिहासाला करता येते. बृहत्संहितेच्या मते सोमदैवत युगातील पाच संवत्सरांपैकी कीलक हा शुभ. रट्टराजाचे दान या शुभ संवत्सरातले. परंतु या शाखेचा तोच शेवटचा ज्ञात राजा ठरला. इ. स. १०२४ च्या मिरज येथील ताम्रपटात चालुक्य जयसिंहाने सप्तकोकणच्या अधिपतींचे सर्वस्व हरण केल्याचा उल्लेख येतो. साठ वर्षांनी हेच नाव परत येते, म्हणून पुढील आवर्तनेही ताडून पाहता येतात. शके १५९० च्या कीलक संवत्सरात शिवाजीमहाराजांनी गोव्यातील नार्वे येथील सप्तकोटीश्वराच्या देवालयाचे काम आरंभिले. तेथील शिलालेखात संवत्सराचे नाव स्पष्ट आहे. शके १६५० च्या कीलकात, नोव्हेंबर १७२८ मध्ये, चिमाजी अप्पांनी अमझेऱ्याची लढाई जिंकून माळव्याचा मार्ग खुला केला. शके १७१० मध्ये गुलाम कादिराने दिल्लीत शाहआलमचे डोळे काढले आणि त्याच वर्षी महादजी शिंद्यांच्या फौजेने दिल्ली परत घेतली. शके १७७० मध्ये, इ. स. १८४८ साली, डलहौसीने सातारचे राज्य खालसा करण्याचा निर्णय घेतला. शके १८३० मध्ये, २२ जुलै १९०८ रोजी, लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. नाव एकच, फले परस्परविरुद्ध. आणि १७८८ साली तर एकाच वर्षी एकाच नगरात दोन्ही प्रकारची.

याहून मूलगामी अडचण गणिताची आहे. बार्हस्पत्य मानाने सुमारे पंच्याऐंशी वर्षांनी एक संवत्सर क्षय होतो. उत्तरेत हा क्षय पाळला जातो; दक्षिणेत दहाव्या शतकाच्या प्रारंभापासून तो सुटला. या गोष्टीचे विवेचन मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी केले आहे. त्यांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ १८९६ सालचा. परिणाम असा की आज नर्मदेच्या उत्तरेस आणि दक्षिणेस एकाच वर्षाची नावे निरनिराळी असतात व त्यांत दहाहून अधिक संवत्सरांचे अंतर पडते. मग राष्ट्र एक असता त्याचे वर्षफल कोणत्या नावाने सांगावे? नदी ओलांडताच राष्ट्राचे भाग्य बदलते, असे म्हणण्यास कोणी तयार होणार नाही.

राष्ट्रकुंडलीचीही स्थिती याहून बरी नाही. १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीची कुंडली भारताची म्हणून मांडतात. तीत रवी, चंद्र, बुध, शुक्र आणि शनी हे पाच ग्रह कर्केत आहेत. परंतु त्या वर्षीच्या स्वातंत्र्याच्या कायद्याने दोन्ही अधिराज्ये १५ ऑगस्ट याच दिवशी अस्तित्वात आली. स्थानभेदाने लग्नात फरक पडेल, पण ग्रहांच्या राशी त्याच राहतात. इतिहास मात्र दोहोंचे निराळे झाले. ते का, याचे उत्तर संविधान, सेना, पक्षसंघटना आणि जमीनधारणा यांच्या अभ्यासात शोधावे लागते. शिवाय जन्मक्षण कोणता धरावा? खारेपाटणची भूमी शिलाहार, चालुक्य, विजापूरकर, मराठे आणि इंग्रज यांच्या सत्तेखाली गेली. १९६० साली महाराष्ट्र राज्यात आणि १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यात आली. प्रत्येक वेळी शासनाचा नवा जन्म झाला. भूमी, भाषा आणि माणसे तीच राहिली. राष्ट्र म्हणजे शासन असेल तर त्याच्या कुंडल्या अनेक होतील. राष्ट्र म्हणजे लोक असतील तर त्यांची जन्मवेळ कोणी लिहून ठेवलेली नाही.

याचा अर्थ पंचांग इतिहासकाराला निरुपयोगी आहे असा नव्हे. उलट, लेखातील संवत्सर, तिथी, वार आणि ग्रहण यांचा मेळ घालूनच आपल्या प्राचीन कालगणनेचा सांगाडा उभा राहिला. शके ९३० ला कीलक आणि शके १०१६ ला भाव ही दोन्ही नावे दक्षिणी मानाने बरोबर जुळतात, आणि लेखांच्या विश्वसनीयतेस त्यामुळे पुष्टी मिळते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीच्या शिफारशींनुसार २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ या दिवशी, भारताने शकाची राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. रट्टराजाच्या लेखकाने ज्या शकाने दानाचा दिवस नोंदविला तोच शक स्वतंत्र राष्ट्राने आपल्या कामकाजासाठी घेतला, तो दिवस मोजण्यासाठी. फल सांगण्यासाठी नव्हे.

संवत्सरफलाची परंपरा हा समाजाच्या मनोवृत्तीच्या इतिहासाचा एक पुरावा आहे. कोणत्या काळी लोकांना कशाची भीती वाटत होती, पावसाची, परचक्राची की महागाईची, हे त्यावरून कळते, आणि त्या दृष्टीने जुन्या पंचांगांचा संग्रह व अभ्यास झाला पाहिजे. परंतु तिला घटनांचे कारण मानले की अभ्यासकाची जबाबदारी संपते आणि तिच्याबरोबर राज्यकर्त्यांचीही. सातारा कोणत्या संवत्सरात खालसा झाले हे सांगून डलहौसीचे धोरण समजत नाही. उलट ते निर्दोष ठरण्याचा धोका निर्माण होतो. खारेपाटणच्या लेखकांना हा भेद माहीत होता. दिवस त्यांनी आकाशावरून घेतला आणि कारणे माणसांच्या व्यवहारातून घेतली. नऊशे-हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखकांनी पाळलेली ही मर्यादा आजच्या इतिहासलेखनानेही सोडू नये.