एका दृष्टांताची दुरुस्ती



चाळीस-बेचाळीस वर्षे कीर्तनाला उभा राहिलो. त्यात एक दृष्टांत माझा ठरलेला होता. आजोबा मुंबईच्या गिरणीत साचेवाले होते. आषाढी जवळ आली, रजा मागितली, जॉबरने नाही म्हटले. तेव्हा त्यांनी पगाराकडे पाठ फिरवली, गळ्यात वीणा घातली आणि आळंदीची वाट धरली. पुन्हा गिरणीची पायरी चढले नाहीत. हे सांगितले की टाळकऱ्यांचे हात आपोआप उचलत आणि आयाबाया डोळ्यांना पदर लावत. वडिलांनी मला जसे सांगितले तसेच मी सांगत आलो. आता दम पुरत नाही, कीर्तन बंद आहे. म्हणून जे उभे राहून सांगायला हवे होते ते येथे बसून लिहितो आहे. तो दृष्टांत खरा नव्हता.

आमची गल्ली परळच्या अंगाला होती. 'होती' म्हणतो, कारण आज तेथे काचेचा मनोरा उभा आहे. खाली रखवालदार कोणाकडे जायचे ते विचारतो, आणि त्याला काय सांगावे ते मला सुचत नाही. लांबीला गल्ली दीडशे पावलेही नसेल. दोन्ही बाजूंना चाळी, मधे नळ, टोकाला पिठाची गिरणी आणि तिच्या शेजारी विठोबाची तसबीर लावलेली पडवी. जुन्नर, आंबेगाव, खेडकडची माणसे एका अंगाला, रत्नागिरीकडची दुसऱ्या. प्रत्येक गावाची एक खोली असे. तिला गाळा म्हणत. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या गाळ्यात वीस-बावीस वळकट्या भिंतीला लागलेल्या मी मोजल्या आहेत. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा होई. काकड्याला कोणी कोणाला उठवत नसे. भोंगा झाला की आंघोळी, आणि टाळ वाजला की गाळ्यातले निम्मे लोक पडवीत.

सरकारने 1920 नंतरच्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींची नावे तरी राहिली. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून त्या 207 इमारती होत्या. त्यांच्यावर पुस्तके निघाली, आता नव्या इमारतीही होत आहेत. आमची गल्ली खासगी मालकाची. 18 जानेवारी 1982 चा संप सुरू झाला, तो कधी संपला हे आजही कोणी सांगू शकत नाही, आणि त्या संपातच गल्ली रिकामी होऊ लागली. कोणी गावी गेले, कोणी खोली विकून डोंबिवलीपलीकडे. पडवीतला हरिपाठ सहा माणसांवर आला, मग तीनवर. ज्या दिवशी भिंती पाडल्या त्या दिवशी मी साताऱ्याकडे सप्ताहाला होतो. परतलो तेव्हा तसबिरीचा खिळासुद्धा राहिला नव्हता.

वडिलांची पत्र्याची पेटी मात्र माझ्याकडे होती. पोथ्यांखाली काय आहे ते मी कधी पाहिले नव्हते. घर आवरताना पाहिले. दोऱ्यात ओवलेल्या भाडेपावत्या होत्या, आणि आमच्या दिंडीच्या भिशीची जुनी वही. ज्याला जे कळते ते त्याने करावे; पोथी लावावी तशा मी पावत्या महिन्यामहिन्याने लावल्या.

1928 चा एप्रिल आहे. मे नाही, जून नाही, थेट ऑक्टोबरपर्यंत काही नाही. नोव्हेंबरची पावती आहे, थकबाकीचा पहिला हप्ता म्हणून, आणि तिच्यावर आजोबांच्या नावाखाली 'हस्ते' म्हणून आजीचे नाव आहे. पुढच्या सगळ्या पावत्यांवर 'हस्ते' आजीच.

1928 साली काय झाले हे इतिहास वाचणाऱ्याला ठाऊक आहे. दोन साच्यांच्या जागी एका माणसाने तीन साचे चालवावेत असे मालकांचे म्हणणे होते, कापडाचे दर उतरत होते, माणसे कमी होणार होती. एप्रिलात मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या त्या ऑक्टोबरात उघडल्या. याच काळात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. याच संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साचेखात्यात अस्पृश्यांना काम मिळाले पाहिजे हा प्रश्न लावून धरला. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून आपले लोक त्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. चांगला पगार त्याच खात्यात होता. 'आजोबा साचेवाले' हे शब्द मी किती तोऱ्याने उच्चारीत असे! त्या साच्यापाशी कोणाला उभे राहू दिले नव्हते, हे मला पासष्टी उलटल्यावर कळले. समतेचे निरूपण मी त्याआधी शेकडो वेळा केले होते.

आता भिशीची वही. 1928 च्या आषाढीच्या यादीत आजोबांचे नाव पहिल्यांदा येते. त्याआधी एकदाही नाही. म्हणजे वारीसाठी त्यांनी गिरणी सोडली नव्हती. गिरणी बंद होती म्हणून त्यांना वारी घडली. जो साचेवाला वर्षानुवर्षे ज्येष्ठात भोंग्याला बांधलेला असे, तो त्या वर्षी मोकळा होता. नावापुढे '5 रुपये' आणि पुढे एकच शब्द, 'खानावळ'.

हा शब्द उलगडला तो आत्याने. ती त्या वेळी नव्वदीच्या घरात होती, तिला दिसत नव्हते, पण आठवण शाबूत. मी वहीचे सांगितले तसे ती हसली. म्हणाली, "अरे, तुझ्या आजोबांना परत घेतलंच नाही रे कामावर. संप मिटला, बाकीचे गेले, हे दारातून माघारी आले. जॉबर म्हणाला, नाव कमी झालंय. किती वर्षं घरात बसून भाजी चिरली त्यांनी. आईची खानावळ होती म्हणून आपण जगलो."

मी विचारले, "मग ही वीणेची गोष्ट?"

"ती तुझ्या बापानं बांधली. बायकोच्या खानावळीवर बसून खाणारा बाप कोणाला सांगायचा? वारकरी झाला म्हटलं की तोंड वर राहतं."

गिरणगावात ज्यांचे लहानपण गेले त्यांना खानावळवाली म्हणजे काय ते सांगायला नको. घर गावाला ठेवून आलेली पंधरा-वीस माणसे तिच्याकडे दोन वेळ जेवत, पगार झाला की हिशेब करीत. एका खोलीत दोन चुली, पहाटे तीनला भाकऱ्या. आजीला अक्षर येत नव्हते. कोणाकडे किती राहिले ते ती भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवी. आत्या म्हणाली, संपाच्या सहा महिन्यांत त्या रेघा छतापर्यंत गेल्या. जेवणारे होते तेच, फक्त पैसे देणारा कोणी नव्हता. आजीने कोणाचे ताट बंद केले नाही. पाटल्या गेल्या, मग तांब्याचे हंडे गेले. संप मिटल्यावर काहींनी पै न् पै फेडली, काही गावी गेले ते आलेच नाहीत. आणि या सगळ्यात तिने नवऱ्याला पाच रुपये देऊन पंढरीला धाडले. का, ते आत्याला सांगता आले नाही. घरात बसून माणूस खचू नये म्हणून असेल, किंवा तिलाच जायचे असेल आणि चूल सोडता येत नसेल.

संपांचे इतिहास पुढाऱ्यांच्या नावांनी भरलेले असतात. गिरणगावातल्या या बायांना एकत्र करून प्रेमा पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते 1975 साली; आमच्या आजीच्या वाट्याला ते आले नाही.

पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी गेलो, तेव्हा आमच्या तीर्थोपाध्यायांकडे वही पाहायला बसलो. गाव आणि आडनाव सांगितले की पिढ्या उलगडतात, हे आपल्यापैकी पुष्कळांनी अनुभवले असेल. शके 1851 ची नोंद निघाली. म्हणजे संपाच्या पुढचे वर्ष. आजोबा आईच्या श्राद्धाला आलेले. मोडीतली ओळ उपाध्यायांनी वाचून दाखवली: गाव, बापाचे नाव, आजाचे नाव, भावांची नावे, 'हल्ली मुक्काम मुंबई'. मी ऐकत होतो आणि मनात आपला दृष्टांत चालला होता. त्यात या वर्षी आजोबा संसार टाकून पंढरीच्या वाळवंटात बसलेले असत. खरे आजोबा त्याच गल्लीत होते, आईचे श्राद्ध घालून परत भाजी चिरायला जाणारे.

ते मला कमी वाटले का? प्रामाणिकपणे सांगतो, त्या रात्री धर्मशाळेत झोप लागली नाही. ज्या गोष्टीवर मी टाळ्या घेतल्या, बिदागी घेतली, तिच्यात एका बाईला पार पुसून टाकले होते. आजोबा पुढे सतरा वर्षे वारीला गेल्याचे भिशीच्या वहीत दिसते, आणि सतराही वर्षे पैशापुढे तोच शब्द आहे. पायी चालणारे ते होते. पण त्या चालण्याखाली जी भाकरी होती तिची मालकीण माझ्या तोंडून कधी आली नाही.

सकाळी पुन्हा उपाध्यायांकडे गेलो. त्यांनी माझी, मुलाची, नातवांची नावे घातली. मी म्हटले, आजीचे नाव आहे का पाहा. आजोबांच्या नोंदीत 'सपत्नीक' एवढेच होते. मी तिचे नाव सांगितले, माहेरचे गाव सांगितले. त्यांनी लिहिले. मग म्हटले, पुढे लिहा, परळास खानावळ चालवीत होती. ते थांबले. "बुवा, असा धंदा लिहायची रीत नाही वहीत."

मी म्हटले, लिहा महाराज, कोणी विचारले तर माझे नाव सांगा. त्यांनी चष्मा पुसला, दौतीत टाक बुडवला आणि लिहिले. मी ओळीखाली सही केली.