सभेला पालक का येत नाहीत?

पालक-शिक्षक संवादाचा विषय निघाला की पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : ‘आमच्याकडचे पालक जागरूकच नाहीत.’ सटाणा परिसरात, म्हणजे बागलाणात, हे निदान तपासून पाहण्यासारखे आहे.

समजा, सभा जानेवारीत कामाच्या वारी सकाळी अकराला ठेवली. त्या दिवसांत उन्हाळ कांद्याची लागवड भरात असते आणि ती करणाऱ्या बायकांच्या टोळ्या सकाळीच वावरात पोहोचलेल्या असतात. सभेला यायचे तर दिवसाची मजुरी बुडते. पुढे मार्च-एप्रिलला काढणी, तीही वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. अशा वेळी रिकाम्या सतरंजीवरून काही मोजायचेच, तर शाळेची स्थानिक जाण मोजावी. सभा संध्याकाळी, वस्तीवर, मारुतीच्या पारावर घेतली तर तेच पालक दिसू लागतील.

पण पालक आले म्हणजे संवाद झाला असे नाही. सूचना आणि संवाद यांत मुळात फरक आहे. सूचना एका बाजूने जाते, संवादात दोन्हीकडची माहिती हलते. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 नुसार शिक्षकाने पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगायची असते. सांगायचे काय, हे कलमात आहे. पालकाकडून ऐकायचे काय, याबद्दल त्यात शब्द नाही. कलम 21 ची शाळा व्यवस्थापन समिती ही उणीव काही अंशी भरते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. पण समितीवरची आई सहीपुरतीच बोलावली गेली, तर कागद पूर्ण होतो, इतकेच.

ऐकण्यात भाषा आडवी येते. इथल्या अनेक घरांत अहिराणी बोलतात, साल्हेर-मुल्हेरकडच्या पाड्यांवर कोकणा आणि भिल्ल समाजाच्या बोली आहेत. ‘आपल्या पाल्याची अध्ययन निष्पत्ती समाधानकारक नाही’ हे वाक्य तिथे कोणाच्या कामाचे? ‘तुमना पोऱ्या हुशार शे, पण वजाबाकीमा अडकस’ म्हटले की आई लगेच विचारते, मग घरी काय करू? व्हॉट्सॲपवरच्या लांबलचक सूचनांचीही तीच गत. फोन बहुधा बापाच्या नाहीतर मोठ्या भावाच्या खिशात, आणि वाचता न येणाऱ्या आईला तो मजकूर नसल्यासारखाच. अर्ध्या मिनिटाचा बोलका संदेश, तिच्या बोलीत, जास्त पोहोचतो.

तिसरी अडचण सूक्ष्म आहे. ‘सर, पोरगं तुमच्या हवाली’ असे म्हणून पालक गप्प होतो आणि शिक्षक त्याला बेपर्वाई समजतो. ॲनेट लॅरो या अमेरिकी समाजशास्त्रज्ञेने 1989 च्या आपल्या पुस्तकात तिथल्या कामगार कुटुंबांबद्दल हेच टिपले : शिक्षण हे शिक्षकाचे काम, त्यात आपण लुडबूड करू नये, असे त्यांना वाटते. मुलाच्या शिक्षणाचे मोल त्यांना कमी नसते. माझ्या मते बागलाणातल्या ‘हवाली’चाही अर्थ हाच आहे. त्या विश्वासाला पुढचा प्रश्न विचारला पाहिजे : पोरगा घरी काय करतो, कशाला घाबरतो, कोणाचे ऐकतो? याची उत्तरे शाळेच्या कुठल्याच नोंदवहीत नसतात.

आणि पहिला निरोप तक्रारीचा नको. शाळेतून बोलावणे आले म्हणजे पोराने काहीतरी केले, अशी धास्ती एकदा बसली की ती निघायला वर्षे लागतात. जून-जुलैतच, काहीही बिघडलेले नसताना, प्रत्येक घरी एकदा जाऊन यावे. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर आठवड्याला पाच घरे, दोन महिन्यांचे काम. शाळाबाह्य कामांचा बोजा पाहता हेही जड आहे, ते कबूल. पण नंतरची कित्येक भांडणे त्यात वाचतात.

सटाण्याने एका मामलेदाराला देव मानले. 1870-71 च्या दुष्काळात यशवंतराव महाराजांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला म्हणून. शिक्षकाकडे उघडायला तिजोरी नाही. हजेरीपट, वही आणि तपासलेली उत्तरपत्रिका आहे. ती आईच्या हातात द्यावी, पुसटशी प्रगती असेल तर तिथे बोट ठेवून दाखवावी.

तेव्हा गुरुजी, बाई, पुढच्या सभेची तारीख फळ्यावर लिहिण्याआधी टोळीच्या मुकादमाला एक फोन करा : लागवड कोणाच्या वावरात आहे आणि बाया किती वाजता घरी येतात?