वेब सर्व्हर नेमका कुठे ‘ऐकतो’? आयपी ॲड्रेस, पोर्ट आणि लिसन सेटिंग सोप्या भाषेत

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा. आमचा प्रोजेक्ट होता होस्टेलच्या मेसची हजेरी ठेवणारी वेबसाइट. लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित चालत होतं. बाहेरून आलेले परीक्षक सर म्हणाले, “छान. आता हेच माझ्या फोनवर उघडून दाखव.” फोन आणि लॅपटॉप एकाच वाय-फायवर होते. मी त्यांच्या फोनच्या ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ आणि पुढे ५००० टाकलं. साइट उघडेना. मग लॅपटॉपचा आयपी ॲड्रेस टाकला. तरी उघडेना. घाम फुटला. सर पाच मिनिटं थांबले आणि पुढच्या ग्रुपकडे गेले.

कोडमध्ये एकही चूक नव्हती. चूक एका सेटिंगची होती, आणि चार वर्षांत ते सेटिंग मी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. आज सर्व्हर सांभाळणं हाच माझा रोजचा उद्योग आहे, आणि नव्याने शिकणारी मुलं अजूनही इथेच अडकताना दिसतात. म्हणून या लेखात आपण हा विषय मुळापासून पाहूया.

ॲड्रेस आणि पोर्ट म्हणजे काय?

एक मोठं पोस्ट ऑफिस डोळ्यांसमोर आणा. इमारतीला पत्ता आहे, आत बऱ्याच खिडक्या आहेत. एका खिडकीवर बचत खातं, दुसरीवर स्पीड पोस्ट, तिसरीवर मनीऑर्डर. नुसता इमारतीचा पत्ता माहीत असून काम होत नाही, खिडकी क्रमांकही लागतो. आणि त्या खिडकीमागे माणूस बसलेला असावा लागतो!

आयपी ॲड्रेस म्हणजे इमारतीचा पत्ता, पोर्ट म्हणजे खिडकी क्रमांक. सर्व्हर एखाद्या पोर्टवर ‘ऐकतो’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ त्या खिडकीमागे तो बसून आहे इतकाच. पोर्टचे क्रमांक ० ते ६५५३५ पर्यंत असतात. साध्या एचटीटीपीसाठी ८० आणि सुरक्षित एचटीटीपीएससाठी ४४३ हे ठरलेले पोर्ट आहेत. त्यामुळे रोजच्या वेबसाइट उघडताना आपल्याला पोर्ट लिहावा लागत नाही, ब्राउझर स्वतःच तो धरून चालतो. दुसरा कुठला पोर्ट असेल तर ॲड्रेसनंतर कोलन देऊन लिहायचा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५:८०८०.

एकाच मशीनला अनेक पत्ते

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. तुमच्या लॅपटॉपला किंवा फोनला एकच आयपी ॲड्रेस असतो असं नाही.

• १२७.०.०.१ हा ‘लूपबॅक’ ॲड्रेस. लोकलहोस्ट म्हणतात तो हाच. घराच्या माजघरातून स्वयंपाकघरात जायचं दार असतं ना, तसा. घरातला माणूसच त्यातून ये-जा करतो, रस्त्यावरच्याला ते दिसतही नाही.
• वाय-फायवर मिळालेला ॲड्रेस, बहुतेक वेळा १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होणारा. हा त्या वाय-फायपुरताच चालतो, थेट इंटरनेटवरून कोणी त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही.
• भाड्याच्या क्लाउड सर्व्हरला जगभरातून दिसणारा पब्लिक ॲड्रेसही मिळतो.

शिवाय ०.०.०.० असं एक लिखाण सगळीकडे दिसतं. हा खरा पत्ता नाही. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये त्याचा अर्थ होतो, ‘या मशीनचे आयपीव्ही४ चे जेवढे पत्ते आहेत त्या सगळ्यांवर ऐक.’ आयपीव्ही६ मध्ये हेच काम दोन कोलन करतात, आणि तिथला लूपबॅक म्हणजे दोन कोलन आणि १.

आता माझ्या परीक्षेकडे परत या. पायथॉनच्या फ्लास्कचा डेव्हलपमेंट सर्व्हर काहीही सांगितलं नाही तर १२७.०.०.१ वर, पोर्ट ५००० वर ऐकतो. म्हणजे माझा सर्व्हर फक्त माजघराच्या दाराशी बसला होता. सरांच्या फोनवरून आलेली विनंती पुढच्या दारावर थाप मारत होती, तिथे कोणीच नव्हतं. आणि फोनमध्ये ‘लोकलहोस्ट’ टाकणं तर त्याहून मोठा वेडेपणा, कारण फोनचा लोकलहोस्ट म्हणजे खुद्द फोनच! होस्ट म्हणून ०.०.०.० दिलं असतं तर काम दोन सेकंदांत झालं असतं.

अपाचेमध्ये सेटिंग कसं करायचं?

अपाचेमध्ये ‘लिसन’ नावाची ओळ असते. डेबियन आणि उबंटूवर ती ‘पोर्ट्स डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये मिळेल, रेड हॅट प्रकारच्या लिनक्सवर मुख्य ‘एचटीटीपीडी डॉट कॉन्फ’ मध्ये. खाली वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिलंय. प्रत्यक्ष फाइलमध्ये अक्षरं आणि अंक दोन्ही इंग्रजीतच टाका.

• लिसन ८० : सगळ्या ॲड्रेसवर, पोर्ट ८०.
• लिसन १२७.०.०.१:८०८० : फक्त याच मशीनमधून, पोर्ट ८०८०.
• लिसन १९२.१६८.१.५:८० : फक्त त्या एका ॲड्रेसवर.

अशा कितीही ओळी एकाखाली एक लिहिता येतात, सर्व्हर त्या सगळ्यांवर ऐकेल. आयपीव्ही६ ॲड्रेस मात्र चौकोनी कंसात लिहायचा, कारण त्यात आधीच कोलन असतात आणि पोर्ट कुठून सुरू झाला हे कळत नाही. एकही लिसन ओळ नसेल तर अपाचे सुरूच होत नाही.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, ‘व्हर्च्युअल होस्ट’ मध्ये ८०८० लिहिलं म्हणजे सर्व्हर ८०८० वर ऐकायला लागला असं होत नाही. व्हर्च्युअल होस्ट फक्त आलेली विनंती कोणत्या वेबसाइटकडे पाठवायची ते ठरवतो. खिडकी उघडायचं काम लिसनचंच. दुसरी, लिसन बदलल्यावर कधी कधी नुसता रीस्टार्ट पुरत नाही. रीस्टार्टच्या वेळी येणाऱ्यांना दार बंद दिसू नये म्हणून अपाचे जुने पोर्ट धरून ठेवतो. त्यामुळे १२७.०.०.१:८० वरून ०.०.०.०:८० असा बदल केला तर जुनं आणि नवं एकमेकांना आडवं येऊ शकतं. अशा वेळी सर्व्हर पूर्ण बंद करून मग सुरू करायचा.

एनजिनएक्समध्ये

इथेही शब्द ‘लिसन’ च, पण तो प्रत्येक ‘सर्व्हर’ ब्लॉकच्या आत लिहितात आणि ओळीच्या शेवटी अर्धविराम लागतो. लिसन लिहिलाच नाही तर एनजिनएक्स रूट म्हणून चालत असताना पोर्ट ८० घेतो, नाहीतर ८०००. ‘सर्व्हर नेम’ ही वेगळी ओळ आहे, तिथे वेबसाइटचं नाव येतं. एकाच ॲड्रेसवर आणि पोर्टवर दहा वेबसाइट चालवता येतात त्या याच नावाच्या जोरावर.

फोनवर सर्व्हर चालवताय?

अँड्रॉइडवर टर्मक्स ॲप टाकून पायथॉन किंवा एनजिनएक्स चालवता येतं, शिकायला लॅपटॉपच हवा असं नाही. फक्त रूट न केलेल्या फोनवर पोर्ट ८० मिळणार नाही. लिनक्समध्ये १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या वापरकर्त्याला घेता येत नाहीत, आणि अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे. तेव्हा ८०८० किंवा ८००० वापरा. त्याच फोनच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट चालेल. मित्राच्या फोनवर दाखवायचं असेल तर तुमच्या फोनचा वाय-फाय ॲड्रेस लागेल.

साइट उघडत नाही? मेसेज नीट वाचा

• ‘कनेक्शन नाकारलं’ असं आलं तर विनंती मशीनपर्यंत पोहोचली, पण त्या पोर्टवर बहुतेक कोणी ऐकत नाहीये. ॲड्रेस आणि पोर्ट तपासा.
• बराच वेळ फिरत राहून ‘टाइमआउट’ आला तर बहुधा फायरवॉल विनंती गुपचूप गिळतोय, किंवा ॲड्रेसच चुकलाय. कॉलेज आणि कॅफेच्या वाय-फायवर अनेकदा दोन उपकरणांना एकमेकांशी बोलूच देत नाहीत. अशा वेळी स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लावून बघा.
• ४०४ किंवा ५०० आला तर खूश व्हा! सर्व्हर ऐकतोय, भानगड पुढे कुठेतरी आहे.
• ‘ॲड्रेस आधीच वापरात आहे’ म्हणजे त्याच ॲड्रेस आणि पोर्टवर दुसरा प्रोग्रॅम बसलाय. बहुतेक वेळा तुम्हीच सुरू करून विसरलेला जुना सर्व्हर. मॅकवर पोर्ट ५००० अडला तर एअरप्ले रिसीव्हर तपासा, मॉन्टेरे आवृत्तीपासून तो हा पोर्ट वापरतो.
• ‘हा ॲड्रेस देता येत नाही’ म्हणजे लिहिलेला ॲड्रेस या मशीनचा नाहीच. अनेक क्लाउड सेवांमध्ये पब्लिक ॲड्रेस बाहेरच्या बाहेर जोडलेला असतो, मशीनला फक्त आतला ॲड्रेस माहीत असतो. तिथे लिसनमध्ये पब्लिक ॲड्रेस टाकला की हाच एरर.

कोण कुठे ऐकतंय हे पाहायला लिनक्सवर ‘एसएस’ ही कमांड आहे, तिला टी, एल, एन, पी ही अक्षरं जोडून द्या. विंडोजवर ‘नेटस्टॅट’ ला ए, एन, ओ जोडा. दोन्हींमध्ये ॲड्रेस आणि पोर्टची यादी येते. १२७.०.०.१ दिसलं तर दार आतलं, ०.०.०.० दिसलं तर सगळी दारं उघडी.

मग सरळ ०.०.०.० च का टाकू नये?

परीक्षेनंतर मीही हाच धडा घेतला. जिथे तिथे ०.०.०.०! काही दिवसांनी रूममेटला एक मोठी फाइल द्यायची होती, म्हणून पायथॉनचा छोटा वेब सर्व्हर सुरू केला. तो मुळातच सगळ्या ॲड्रेसवर, पोर्ट ८००० वर ऐकतो, आणि ज्या फोल्डरमधून सुरू कराल त्याची अख्खी यादी समोर मांडतो. मी होम फोल्डरमधून सुरू केला. फाइल गेली, सर्व्हर मात्र बंद करायचा राहिला.

रात्री शेजारच्या खोलीतला ज्युनिअर दारात उभा. वाय-फायवर कोण कोण आहे हे दाखवणारं एक ॲप तो फोनवर चालवून बघत होता. हळूच म्हणाला, “दादा, तुमच्या बाबांचं पॅन कार्ड आणि बँकेचं पासबुक दिसतंय मला. बंद करा ते.”

शैक्षणिक कर्जासाठी स्कॅन केलेले ते कागद. बाबांनी विश्वासाने पाठवले होते. तो पोरगा चांगला निघाला म्हणून बरं. त्या दोन-तीन तासांत आणखी कोणी पाहिलं का, हे मला आजही माहीत नाही, कारण मी लॉग पाहायच्या आधीच घाबरून खिडकी बंद केली होती. बाबांना फोन करून सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “आता तरी नीट शिकून घे.”

ही चूक फक्त विद्यार्थ्यांची नाही. २०१७ च्या जानेवारीत जगभरातल्या हजारो मोंगोडीबी डेटाबेसमधला डेटा पुसून खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. हे डेटाबेस पासवर्डशिवाय थेट इंटरनेटवर ऐकत बसले होते. त्याच वर्षीच्या ३.६ आवृत्तीपासून मोंगोडीबी मुळातच फक्त लोकलहोस्टवर ऐकू लागला.

डॉकर वापरणाऱ्यांनी विशेष जपा. पोर्ट ८०८०:८० असा उघडला की तो मशीनच्या सगळ्या ॲड्रेसवर उघडतो, आणि लिनक्सवर यूएफडब्ल्यू फायरवॉलने अडवलेला पोर्टही बाहेरून खुला राहू शकतो. फक्त स्वतःसाठी हवा असेल तर पुढे १२७.०.०.१ जोडा.

माझा आजचा नियम

१. सुरुवात नेहमी १२७.०.०.१ पासून. बाहेरच्या कोणाला दाखवायची गरज पडली तरच दार उघडायचं.
२. डेटाबेस आणि ॲडमिन पॅनल आतल्याच दारावर. बाहेरच्यांसाठी पुढे एनजिनएक्स किंवा अपाचे ८० आणि ४४३ वर बसवायचा, तोच विनंती आत पोहोचवेल.
३. फाइल द्यायची असेल तर रिकामा फोल्डर करून त्यात तेवढी एकच फाइल टाकायची, आणि सर्व्हर तिथूनच सुरू करायचा.
४. बदल केला की ऐकणाऱ्यांची यादी पाहायची. शिवाय दुसऱ्या फोनवरून उघडून बघायचं. जे उघडायला हवं ते उघडतंय ना, आणि जे उघडायला नको ते खरंच बंद आहे ना, दोन्ही.
५. काम झालं की सर्व्हर बंद.

आत्ताच पाच मिनिटं काढून तुमच्या लॅपटॉपवर ती यादी एकदा बघा. ०.०.०.० समोर एखादा अनोळखी पोर्ट दिसला तर तो कोणाचा आहे हे शोधल्याशिवाय उठू नका.